जवस, पाणी आणि चार चमचे

जवसाचं जेल करायला दोनच गोष्टी लागतात, जवस आणि पाणी. हे वाक्य मी इतक्या जणींना ऐकवलंय की माझ्या मुलीने एकदा माझी नक्कल करून दाखवली होती, हनुवटी वर आणि एक डोळा बारीक. मला राग आला, कारण नक्कल हुबेहूब होती. अर्धी वाटी जवस, तीन वाट्या पाणी, मंद आच, आणि हात न थांबवता ढवळायचं. चमचा उचलल्यावर तार सुटली की उतरवायचं आणि गरम असतानाच नायलॉनच्या स्वच्छ मोज्यातून पिळून काढायचं, कारण गार झालं की ते मोज्यालाच धरून बसतं. मग बाटलीत भरून फ्रिजमध्ये. दहा दिवसांत संपवायचं.

यात काही मोठी विद्या नाही. पण मिरवायला माणसाला विद्या लागतेच असं कुठे आहे? मी मिरवत होते.

सुरुवात मात्र धाकटीसाठी झाली होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिचे केस कुरळे, दाट आणि नाठाळ, आणि कातडी तितकीच नाजूक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने माझा दुकानातला शाम्पू वापरला आणि दुसऱ्या दिवशी तिचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. तेव्हापासून बाजारातलं काही म्हणजे काही ती केसांना लावत नाही. पुढे मुलं मोठी झाली, आणि चाळिशी उलटल्यावर तिने एका रोपवाटिकेत नोकरी धरली. कलमं बांधायचं काम. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात फांदी आणि डोळ्यांत केस, अशी तिची पंचाईत व्हायची. म्हणून मी हे जेल शिकले. ते लावून केस मागे बसवले की दिवसभर हलायचे नाहीत.

त्या नोकरीने धाकटी बदलली. आधी आमच्याकडे जेवायला बसली की "भाजी वाढू का?" यापलीकडे तिचं तोंड उघडत नसे. आता ती सांगायची, "ताई, आज शंभरातली ब्याण्णव जगली!" जणू ब्याण्णव बाळंतपणं स्वतःच्या हाताने केली. यंदा मालकीणबाईंनी कलमांची सगळी शेड तिच्या ताब्यात दिली होती. तिच्या हाताखाली तिघी जणी होत्या.

माझंही बरं चाललं होतं. धाकटीचे केस बघून शेजारणी आल्या, शेजारणींच्या बहिणी आल्या, आणि शाळेतल्या एक बाई तर दर आठवड्याला यायच्या. कोणी विचारलं की मी हनुवटी वर करायची. दोनच गोष्टी, जवस आणि पाणी.

तो शनिवार होता. पाच वाजता शाळेतल्या बाई येणार होत्या, आणि मी फोनवर बहिणीला घरगुती गोष्टींचं महत्त्व समजावत बसले होते. घड्याळ बघितलं तेव्हा साडेचार झालेले. घाईघाईत तार सुटायच्या आधीच पातेलं उतरवलं, गाळलं, आणि बघते तर काय, ताक! बाटली तिरकी केली की एका दमात खाली. परत आटवायला वेळ नव्हता. "उद्या या" एवढं म्हणता आलं असतं. दोन शब्द. पण ज्या बाईने गावभर शेखी मिरवलीये तिच्या जिभेला ते दोन शब्द फार जड जातात.

बाथरूमच्या फळीवर मुलीने शिकायला जाताना टाकून दिलेली दुकानातल्या जेलची डबी होती. ती आणली म्हणून मी तिला अर्धा तास बोलले होते. तीच डबी मी खाली काढली आणि चार चमचे घातले. घोटल्यावर झकास दाट झालं. वर लिंबाच्या तेलाचे थेंब टाकले, म्हणजे वास यायला नको. सहा बाटल्या भरल्या. धाकटीसाठी उद्या वेगळं करायचं, असं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. ठरवलं होतं खरंच. आता ते सांगून काय उपयोग, पण सांगते.

बाई आल्या, बाटली घेतली आणि गप्पांना बसल्या. तेवढ्यात कामावरून परत जाताना धाकटी आत आली. माझं घर तिला परकं नाही. तिने सरळ फ्रिज उघडला.

"ताई, माझी संपली. एक नेते हं."

मी तोंड उघडलं. नेमक्या त्याच वेळी बाई म्हणत होत्या, "बाजारात कशाचा भरवसा नाही राहिला. तुमच्यासारखं सचोटीचं काम करणारं कोण आहे आता?" धाकटी बाटली हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती. बाईही माझ्याकडे बघत होत्या.

"ने की," मी म्हणाले.

मनात म्हटलं, सहा बाटल्यांत चार चमचे, म्हणजे तिच्या वाट्याला चमचाही नाही. तेवढ्याने काय होतंय! चुकीचं काम करताना माणसाचं गणित फार पक्कं असतं.

बुधवारी धाकटीच्या कपाळावर, केसांच्या कडेने लाल रेघ उठली. गुरुवारी ती रेघ कानामागे गेली, मानेवर उतरली. शुक्रवारी पापण्या सुजल्या. बाकीच्या पाच जणींना काहीही झालं नाही. उलट शाळेतल्या बाईंचा फोन आला की या वेळचं जेल आत्तापर्यंतचं सगळ्यात उत्तम आहे, असंच करत जा. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

भाऊजींना सुट्टी मिळेना, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे तिच्यासोबत मीच गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या, नीट विचारणाऱ्या. साबण कोणता, पावडर कोणती, काम कुठे करता. मग विचारलं, "केसांना काय लावता?"

"काहीच नाही," धाकटी म्हणाली. "म्हणजे, आमच्या ताई घरी करतात ते. जवस आणि पाणी." सुजलेल्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे बोट केलं, आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात माझा अभिमान होता.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आणखी काही घालता त्यात?"

खोलीत आम्ही तिघीच होतो. तपासायचं टेबल, हात धुवायचं बेसिन, भिंतीवर कातडीच्या थरांचं चित्र. सांगायला याहून सोयीची जागा मिळाली नसती.

"छे! काही नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं. माझं जेल खोडलं असणार. मग त्या रोपवाटिकेकडे वळल्या. झाडांचा चीक, फवारणी, खतं. पंधरा दिवस तिकडे फिरकू नका, म्हणाल्या. उतरलं तर समजायचं की ते तिथलंच होतं, आणि मग त्या कामाचा विचार करावा लागेल.

मी घरी आले ती थेट गॅसपाशी. नव्याने जवस शिजवले, तार दोनदा तपासली, आणि संध्याकाळी ताजी बाटली घेऊन तिच्या घरी गेले. "जुनी दे इकडे, दहा दिवस होत आले," म्हणून तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि घरी येऊन बेसिनमध्ये ओतली. साप मरावा आणि काठी मोडू नये, असं मला वाटलं होतं. ती बरी होईल, मी परत असं करणार नाही, आणि कोणाला कळायचं कारण नाही.

ती बरी झालीच. दहा दिवसांत कपाळ स्वच्छ झालं. आणि ते स्वच्छ झालेलं कपाळच पुरावा ठरलं. रजा त्याच दिवशी सुरू झाली होती आणि बाटलीही त्याच दिवशी बदलली होती, पण रजेचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाटलीचं मला एकटीला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाजूला उभा राहून आजारी माणसाला पेज नेऊन देतोय.

"ताई, उतरलं सगळं," तिने फोनवर सांगितलं आणि रडायलाच लागली. दुखणं बरं झालं म्हणून माणूस असं रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मी आडून आडून प्रयत्न केला. भाऊजींना म्हटलं, "एकदा परत जाऊन तर बघू दे. कदाचित तिथलं नसेलही."

"वहिनी, डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" ते म्हणाले. "डोळे गेले असते तिचे. नोकरीचं काय एवढं?"

नोकरीचं काय, ते त्यांना सांगणं त्यांच्या बायकोचं काम होतं, आणि ती काही बोलत नव्हती. जेवताना परत गप्प झाली होती. मालकीणबाई चांगल्या, पण त्यांनाही जोखीम नको होती. सोमवारपासून शेडवर दुसरी बाई येणार होती. धाकटीने शनिवारी जाऊन चाव्या द्यायच्या आणि राजीनाम्यावर सही करायची, एवढंच उरलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. जाताना काही ठरवलं होतं असं म्हणवत नाही. गेल्या आठवड्यात तीनदा ठरवून गेले होते आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आले होते. ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कलमांचे चाकू पुसत होती, परत द्यायचे म्हणून. एकेक पातं तेलाच्या फडक्याने पुसून, अंगठ्यावर धार बघून, ओळीने ठेवत होती.

"हा मला सगळ्यात आवडायचा," एक लहान चाकू उचलून ती म्हणाली. "हातात बसतो अगदी."

"धाकटे, तुला रोपवाटिकेने काही झालं नाही," मी म्हणाले. "माझ्या जेलने झालं. मी त्यात दुकानातलं घातलं होतं."

तिने चाकू खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, पातळ झालेलं जेल, मुलीची डबी, चार चमचे, लिंबाचं तेल, डॉक्टरांसमोरचं खोटं, बदललेली बाटली. मध्ये कुठे थांबले असते तर पुढचं राहिलंच असतं. ती ओरडेल, उठून जाईल, भाऊजींना फोन करेल, अशी माझी तयारी होती. मला ते हवंच होतं खरं तर.

"मला वास आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्याच दिवशी. लिंबाच्या आडून दुसराच वास आला. त्या शाम्पूसारखा. माझ्या मनात आलं, ताईंनी यात काहीतरी घातलंय." ती टेबलाकडे बघून बोलत होती. "मग माझी मलाच लाज वाटली. माझ्यासाठी एवढं करणाऱ्या बाईवर संशय घेते म्हणजे काय! म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त लावलं. रोज जास्तच लावत गेले."

मला रडू आलं, आणि या वेळी रडण्याचाही मला हक्क नाही हे कळत असून थांबवता आलं नाही. तिने मला पाणी दिलं नाही. फोन उचलला, मालकीणबाईंचा नंबर लावला आणि तो माझ्यासमोर धरला.

"तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, नोकरीसाठी काहीतरी बनवून सांगते."

मी सांगितलं. परक्या बाईला, पदर तोंडावर न घेता, सगळं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी तिला पाठवा," आणि "तुम्ही मात्र कमाल केलीत," आणि फोन ठेवला. डॉक्टरांकडेही मी स्वतः जाऊन आले. बाकीच्या पाच जणींना घरोघरी जाऊन सांगितलं. तिघींनी यायचं थांबवलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, असू द्या हो, पण त्याही नंतर दिसल्या नाहीत.

धाकटी कामावर जाते. कपाळ स्वच्छ आहे, शेड तिच्याच ताब्यात आहे. केस तिने कापून टाकले, अगदी मानेपर्यंत, आणि मला आधी सांगितलं नाही. घरी कोणाकडे तिने माझं नाव काढलं नाही. भाऊजींना मीच सांगितलं.

महिन्याभराने ती माझ्याकडे आली. आपणहून. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच भांडी इकडची तिकडे करत राहिले. तिने चाळीस कलमांची गोष्ट सांगितली, हसली, आणि म्हणाली, "बसा हो, चहा मी टाकते." पूर्वीसारखाच तिने फ्रिज उघडला आणि दुधाचं पातेलं काढलं. झाकण उचललं, वाकून दुधाचा वास घेतला, आणि मग ओतलं. तिचं तिला कळलंही नसावं. सकाळीच घेतलेलं, नुकतंच तापवून गार केलेलं दूध होतं ते. चांगलं आहे गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माझ्या म्हणण्याला आता तिच्यापाशी काही किंमत नव्हती.