आत्याबाईंना खाली घ्यायचंय

"पाय गार पडाया लागले की मला खाली घे. लई आधी न्हाय, आन् नंतर तर न्हायच न्हाय. भुईवर घोंगडी आंथर, कपाळाला भंडारा लाव, तोंडात पानी सोड. बाजेवर जीव जाऊ दिऊ नगं, म्हाळसा."

धोंडाबाईंनी सुनेला हे भाकरी थापता थापता सांगितलं होतं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. वर म्हणाल्या, "आन् रडत बसू नगं त्या वक्ताला. रडनाऱ्या बाईचं हात चालत न्हाईत."

म्हाळसा नुसतं 'व्हय' म्हणून थांबली नाही, तिनं बिरूची आण घेतली. बिरू तिचा नवरा, धोंडाबाईंचा धाकटा. तो पुण्याच्या सरकारी दवाखान्यात लोखंडी खाटेवर गेला, तेव्हा या दोघी बाहेर व्हरांड्यात बसून होत्या. आत कुणी सोडलंच नाही. खाटेवर गेलेल्याचा जीव खाटेभोवतीच घुटमळतो, असं त्यांच्या कळसच्या धनगर वस्तीत मानतात. तेव्हापासून धोंडाबाई दर रविवारी बिरोबापुढं हात जोडून एकच मागायच्या, देवा, शेवटाला पाठ भुईला टेकू दे.

वैशाखात त्यांनी अंथरूण धरलं. अन्न तुटलं. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "औषधाचं काम संपलंय. घरी ठेवा, जवळ बसा, मागतील ते द्या."

म्हाळसानं ते देवाच्या प्रसादासारखं घेतलं. दारापुढची वटी सारवली, बाज तिथं आणली, रोज संध्याकाळी 'आत्याबाई' अशी हाक मारून सासूच्या कानाशी बसून देवाचं नाव घेऊ लागली. धोंडाबाईंना कधी ताकाचं पाणी हवं असायचं, कधी नुसता हात. घर शांत होतं. पण त्याच आठवड्यात थोरल्या लेकाच्या, दादासाहेबांच्या, प्रतीक्षाचं लग्न होतं, आणि सोयरीक काटेवाडीकडच्या बागायतदारांची.

"सुतक पडलं तर लगीन मोडंल," दादासाहेब म्हणाले. "बारामतीला दवाखान्यात सलाईन लावून ठिवू चार दिस."

"डॉक्टर घरीच ठिवा म्हनलं की, दादा." म्हाळसा थोरल्या दिराशी पदर पुढं ओढूनच बोलायची.

"डॉक्टरच्या घरी लगीन हाय का?"

गावातल्या अकबरभाईची जीप दारात आली. धोंडाबाईंना उचललं तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. थोरल्या जावेनं ती बोटं एकेक करून सोडवली. "आसं काय वं लहान पोरावानी? औषदालाच नेतोय न्हवं," असं लाडानं म्हणत सोडवली. म्हाळसा जीपमध्ये चढायला निघाली, तर जाऊबाई म्हणाल्या, "तू गेलीस तर मागं चुलीला कोन? तिकडं बाई ठेवलीया जवळ."

देवक बसलं त्या दिवशी इंदापूरचे गुरुजी मागच्या दारी चहाला टेकले. म्हाळसा तिथंच लसणाच्या पाट्या घेऊन बसली होती. विधवेला हळदीच्या घरात तेवढीच जागा. तिनं खाली मान घालून विचारलं, "गुरुजी, आता घरात कुनाचं बरंवाईट झालं तर?"

"आता काही अडत नाही," गुरुजी बशी फुंकत म्हणाले. "देवक बसलं की कार्य उरकेपर्यंत सुतक लागत नाही. शास्त्रच आहे तसं. आजींना नेलं तेव्हाच सांगितलं होतं की दादासाहेबांना, देवक बसलं की खुशाल माघारी आणा."

म्हाळसाच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

दादासाहेब मांडवात खुर्च्या मोजून घेत होते. तिनं गाठून विचारलं. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं.

"शास्त्रात लागत नसंल. काटेवाडीच्या पाव्हन्यांच्या डोळ्यांत लागतंय त्याचं काय? हितं पोरीला हळद चढतीया आन् वटीवर म्हातारी घरघरतीया. शूटिंगवाला येनार हाय. ते दिसू द्यायचं का त्यात?"

"आत्याबाईंनी माझ्याकडनं शबूद घेतलाय, दादा."

"बाजेवर मेलं काय आन् भुईवर मेलं काय! मेल्यालं मानूस सांगाया येतंय व्हय? आपला बिरू आला का कधी?"

जवळ उभा असलेला मांडववाला हसला. पाठच्या भावाचं नाव दादासाहेबांनी कितीतरी वर्षांनी तोंडात घेतलं होतं, आणि घेतलं ते असं.

म्हाळसा पुन्हा लसणाशी येऊन बसली. आत बायकांनी हळदीची गाणी धरली. देवाचं नाव घ्यावं म्हणून तिनं डोळे मिटले, तर नाव येईना, सारखी ती चौकटीवरची बोटंच दिसू लागली. तिनं डोळे उघडले.

ऊन कलायच्या सुमाराला अकबरभाई बारामतीहून बर्फ घेऊन आला. जीप मागच्या अंगाला लावून तो थेट तिच्यापाशी आला.

"वहिनी, दवाखान्यात डोकावून आलो. मावशीचं पाय गार लागलं हाताला. म्या हाक मारली तर म्हनली, म्हाळसा आली का?"

"आन् ती ठेवल्याली बाई?"

"व्हती की. बाहेर बाकावर, पोरीची येनी घालत."

"दादांना सांगितलं?"

"सांगितलं." अकबरनं गमछानं मान पुसली. "दादासायेब म्हनलं, आधी बर्फ उतरीव."

म्हाळसा उठली. हात राखेनं घासून धुतले, तरी लसणाचा वास गेला नाही. देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा पदराच्या टोकाला बांधला. दोरीवरची सासूची घोंगडी ओढली, तांब्या भरून घेतला आणि भरल्या हळदीतून, बायकांच्या रांगेमागून चालत निघाली. शुभकार्यात तिच्याकडं बघायचं नाही, ही सवय सगळ्यांना लागलेली. त्या सवयीचा तिला आज पहिल्यांदा उपयोग झाला.

"घरी आनायचं का मावशीला?" अकबरनं हळूच विचारलं.

"जीव ऱ्हायला तर वटीवर. न्हायतर वाटंला कुठंबी शेतात. तेवढंबी न्हाय जमलं तर दवाखान्याची फरशी हाय."

"दादासायेब मला वरातीची भाडी द्याची बंद करत्याल, वहिनी."

"मग ऱ्हाऊ द्या. मी यष्टीनं जाते."

"बसा," अकबर म्हणाला. "मलाबी मावशीनं ताक पाजलंय."

ती पुढं बसली, तांब्यावर हात ठेवून. अकबरनं इंजिन चालू केलं नाही. ब्रेक सोडला आणि जीप उतारानं, आवाज न करता, रस्त्याकडं जाऊ दिली.