कागदी पट्टीमागची राणी

मित्रांनो, माझ्या काचेवर आता डिंकाचा एक पिवळा डाग तेवढा उरला आहे. तिथे माझा दागिना होता. मी काळाचौकीतली एक जुनी, औषधाच्या मिश्चरची बाटली आहे.

माझा जन्म भट्टीतला, पण ओळख दिली ती दवाखान्यातल्या कुशाबा कंपाउंडरांनी. कागदाची पट्टी कातरीने दातेरी कापून त्यांनी माझ्या अंगावर चिकटवली. एक दाता म्हणजे एक डोस. लहानग्या विकासचा खोकला माझ्यातल्या लाल औषधानेच बरा झाला. पुढे दवाखाना बंद पडला आणि मी विकासच्या घरी पोटमाळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेमागे अडकले. ट्रंक हलली तरच उजेड दिसे. बूच कुजलं, पट्टी मात्र टिकली.

यंदा विकासच्या मुलीने, संघमित्राने, मला बाहेर काढून आतून धुतलं. आदल्या संध्याकाळी पंखवाल्या मुंग्या चाळीत शिरल्या होत्या. चाळीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी घरातले दिवे मालवून गॅलरीतल्या एकाच दिव्याखाली पाण्याची परात ठेवली होती. सकाळी परातीशेजारी एक मोठी, बिनपंखांची काळी मुंगी फिरत होती. संघमित्राने ती माझ्यात सोडली आणि माझ्या तोंडाला कापूस लावला.

"राणी मिळाली! आता मी मुंग्यांचं घर वसवणार!"

"राणी कसली? मुंगळा आहे तो," तिची आई प्रिती म्हणाली. "साखरेच्या डब्यात रोज भेटतो मला."

"राणी आपल्या चाळीत कशाला येईल?" विकास हसला. "समोरच्या टॉवरात नाही का जाणार?"

"पप्पा, गप ना!"

प्रिती मात्र हसली नाही. "हे बघ, मुंगळा असेल तर तो एकटा काही घर करणार नाही. फिरून फिरून मरेल बिचारा. संध्याकाळपर्यंत ठरव, नाहीतर खाली सोडून ये."

"आणि राणी असली तर? खाली दुसऱ्या मुंग्या फाडून टाकतील तिला!"

मुंगी काचेवर चढे, घसरे, पुन्हा चढे. तिचे पाय मला आतून जाणवत. ट्रंकेमागे मीही अशीच होते, फक्त मला धडपडायला पाय नव्हते. आता मीच तिची कोठडी झाले होते.

संघमित्रा टॉर्च लावून बघे. मोठं डोकं दिसे, पण मोठ्या मुंगळ्याचंही डोकं मोठंच असतं. खरी खूण पाठीवर असते. आणि मुंगी दमली की उजेड चुकवून माझ्या पट्टीच्या आडोशाला जाऊन बसे. माझा दागिनाच तिची ओळख झाकत होता. मी सांगणार कशी?

संध्याकाळी प्रिती ओलं फडकं घेऊन आली. "आधी हा कागद काढ की!"

"अगं, कुशाबांची पट्टी आहे ती. राहू दे ना," विकास पुटपुटला.

"मुंगी मेल्यावर पट्टी बघत बसणार का तुम्ही?"

फडकं फिरलं. ओल्या पापुद्र्यासारखी पट्टी निघाली. मित्रांनो, मला उघडं पडल्यासारखं वाटलं.

"आई, बघ!" संघमित्राचा श्वास काचेवर उमटला. "पाठ फुगीर आहे. मुंगळ्याची बारीक असते. आणि हे दोन्ही बाजूंचे व्रण! पंख होते हिला. तिने स्वतःच पाडलेत."

"अगं बाई," प्रिती हळूच म्हणाली, "सकाळी गॅलरीतून पंख झाडले ते हिचेच असतील."

संघमित्राने राणीला वाटीत काढून माझ्या तळाशी पाणी भरलं, त्यावर कापसाचा ओला बोळा घट्ट बसवला. ती परत आत आली, तोंडाला कापूस लागला आणि आम्ही दोघी कपाटाच्या अंधारात गेलो. ती शांत झाली. तिने अंडी घातली. मातीतही तिने स्वतःला असंच कोंडून घेतलं असतं. पण तिथे दार तिने आतून लावलं असतं, इथे ते बाहेरून लागलं आहे.

म्हणून सांगते, कुणाला कोंडण्याआधी त्याची पाठ नीट बघा. मुंगळा निघाला तर जिथून उचलला तिथेच नेऊन सोडा. राणी निघाली, तर सारखं उघडून बघू नका, पण बोळा सुकू देऊ नका.

काचेतून हाक बाहेर येत नाही, मित्रांनो. ट्रंकेमागे मी खूप हाका मारून पाहिल्या आहेत.