चौघांत एक माईक

मी माईक बोलतोय. हसू नका. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे पुढे पोचवले, स्वतःचा एक शब्दही काढला नाही. आज बोलतोय, कारण आता माझ्यातून कोणाचाच आवाज जात नाही.

दिसायला मी दणकट आहे. पण माझ्या पोटात कागदाहून पातळ अशी धातूची पट्टी टांगलेली आहे. आवाज लागला की ती थरथरते. जोराची फुंकर बसली तर फाटते. आणि माणसाला माईक दिसला की फुंकर मारल्याशिवाय राहवत नाही! त्यामुळे मी जन्मापासूनच जरा धास्तावलेला आहे.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातले एक रेडिओ स्टेशन बंद पडले, तेव्हा डेन्व्हर स्टिडमने मला घरी आणले. बदल्यात त्याने बापाची बंदूक दिली. तो नुकताच कोळशाच्या खाणीतून बाहेर पडला होता. त्याच खाणीच्या धुळीने त्याच्या बापाची छाती पोखरली होती. डेन्व्हर गिटार वाजवायचा आणि गायचा. मोठी बहीण व्हर्ली त्याच्याहून वरच्या सुरात साथ द्यायची. चुलतभाऊ ओकली बास, म्हणजे माणसाएवढे उंच, खर्जातले तंतुवाद्य वाजवायचा आणि त्याची बायको ओनायडा फिडल, म्हणजे व्हायोलिन. त्यांचा हा 'स्टिडम फॅमिली' बँड.

चौघांत माईक मी एकटाच. ज्याची पाळी तो माझ्याकडे सरकायचा, बाकीचे अर्धे पाऊल मागे जायचे. कोणी खूण करायचे नाही. जवळ आला तो मोठा ऐकू येणार, लांब गेला तो लहान. त्यामुळे कोण कोणाला जागा देतो, हे मला सगळ्यांत आधी कळायचे.

"ओकली, आधी तुझं पोट माईकपाशी पोचतं, मग तू," ओनायडा म्हणायची.

"पोटालाही सूर आहे गं," ओकली म्हणायचा.

सगळे हसायचे. व्हर्लीही हसायची, पण जरा उशिरा. इतरांची तोंडे बघून.

हे बाकी कोणाच्या लक्षात आले नाही. ती दरवर्षी माझ्या थोडी आणखी जवळ उभी राहू लागली. गाताना उजव्या हाताची बोटे डेन्व्हरच्या गिटारच्या लाकडावर टेकवू लागली. लोकांना वाटे, बहिणीची केवढी माया! डेन्व्हरलाही तसेच वाटे.

एकदा एका चर्चमध्ये आमचे गाणे होते. बाहेर अंगणात बायका टेबलांवर तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव मांडत होत्या. आत व्हर्ली एकटी होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला सांगते, कारण तुझी वायर काढलेली आहे," ती हळूच म्हणाली. "उजव्या कानात काही उरलं नाही. डावाही चाललाय. शिवणाच्या कारखान्यात वीस मशिनींमध्ये बसले, त्याचं हे फळ. गिटारवर बोटं ठेवली की सूर हाताला कळतो. पण डेन्व्हरला सांगायचं नाही. त्याला कळलं तर तो बँड बंद करेल आणि माझ्या औषधपाण्यासाठी परत खाणीत उतरेल. ओळखते मी त्याला."

माझी पट्टी थरथरली. पण वायर नव्हती.

त्याच दुपारी नॅशव्हिलच्या मोठ्या रेडिओ कार्यक्रमाचे प्रुइट साहेब आमचे गाणे ऐकायला आले. ऐकून त्यांनी डेन्व्हरचा हात हातात घेतला. "शनिवारी या. आमचा कार्यक्रम रेडिओवर थेट जातो. दोन गाणी म्हणा. लोकांनी उचलून धरलं तर तुम्ही आमचे कायमचे. फक्त एक करा. प्रत्येकाचा माईक वेगळा. हे असं एका माईकभोवती गोळा होणं म्हणजे पाणवठ्यावरच्या गाई!"

डेन्व्हर हसला. व्हर्लीने साहेबांच्या ओठांवरून ते वाचले. ती हसली नाही.

शनिवारी गाडीत मी टॉवेलात गुंडाळलेला, व्हर्लीच्या मांडीवर होतो. साहेबांच्या स्टँडवर निदान स्वतःचा माईक लावायचा, असे डेन्व्हरने ठरवले होते.

"आपण एकाच माईकवर गाऊ," व्हर्ली म्हणाली.

"पुन्हा तेच? सगळं जग पुढे गेलं, तू तिथेच बस!"

"मला तसं जमत नाही, डेन्व्हर."

"न जमायला काय झालं? उभं राहायचं आणि गायचं. घाबरतेस का?"

व्हर्लीने टॉवेल घट्ट धरला. "हो, घाबरते," ती म्हणाली. ते खरे होते. फक्त कशाला घाबरते, ते तिने सांगितले नाही.

सभागृह भरलेले होते. मंचावर चार स्टँड लांब लांब उभे केलेले. मधल्यावर मी, डेन्व्हरपुढे. व्हर्ली अगदी टोकाला, बँडकडे उजवा कान करून. कर्ण्यांची तोंडे लोकांकडे, आणि दिव्यांचा झोत तिच्या डोळ्यांत. तिला डेन्व्हरची बोटेही दिसत नव्हती. माझ्या जाळीवर डेन्व्हरचा श्वास येत होता, गरम आणि भरभर.

फिडल सुरू झाली. डेन्व्हरने पहिली ओळ घेतली. दुसऱ्या ओळीवर व्हर्ली यायची. ती आली नाही. आली ती ओळ निम्मी संपल्यावर, आणि सूर खाली घसरलेला. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. पडद्याच्या कडेला प्रुइट साहेबांनी मान हलवली.

दुसरे कडवे त्याहून वाईट गेले. ओनायडाने वाजवता वाजवता डेन्व्हरकडे पाहिले. डेन्व्हरने गिटार थांबवली.

"व्हर्ली!"

तो रागाने ओरडला आणि तोंड माझ्यासमोरच होते. तिचे नाव माझ्यातून साऱ्या सभागृहात घुमले. पहिल्या रांगेतल्या बाईने दचकून छातीवर हात ठेवला. दारावरचा माणूसही वळला. वळली नाही ती फक्त व्हर्ली. ती समोर बघत, चुकीच्या सुरात, एकटीच गात होती.

डेन्व्हरचा श्वास थांबला. माझी पट्टी इतकी स्थिर कधीच झाली नव्हती.

रेडिओवर गाणे असे मध्येच तुटले की डोंगरापलीकडची माणसे रेडिओचा खोका ठोकून बघतात. प्रुइट साहेब दोन्ही हातांनी 'वाजवा, वाजवा' करत होते. डेन्व्हरने तिकडे पाहिले. मग माझा स्टँड मुळापासून उचलला आणि मला घेऊन तो मंचाच्या टोकाकडे चालू लागला. वायर मागून फरफटत होती.

"चला, बिऱ्हाड हललं," ओकली पुटपुटला आणि तो अवजड बास उचलून मागे निघाला. ओनायडाही आली.

डेन्व्हरने मला व्हर्लीपुढे ठेवले. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला सगळे समजले.   त्याने गिटार तिच्याकडे कलती केली आणि अर्धे पाऊल मागे सरकला.

व्हर्लीने लाकडावर बोटे टेकवली. आणि मग ती गायली. त्या सुराने माझी पट्टी अशी थरथरली की मला वाटले, आता फाटतेच.

लोक उभे राहिले. प्रुइट साहेब मात्र म्हणाले, "आम्हाला असं चालत नाही."

"मग आम्हालाही नाही," डेन्व्हर म्हणाला. तिथून आम्ही परत आलो. तो खाणीत गेला नाही. व्हर्लीने त्याला जाऊ दिले नाही. शाळा, चर्च, जत्रा जिथे मिळेल तिथे आम्ही बरीच वर्षे गायलो, माझ्याभोवतीच.

शेवटी एका जत्रेत कोणा पुढाऱ्याने मला जोरात फुंकर मारली. टर्र! झाले माझे आयुष्य.

आता मी व्हर्लीच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी स्टँडवर उभा असतो. मला ऐकू येत नाही, तिलाही येत नाही. पण रविवारी डेन्व्हर गिटार घेऊन येतो. ओकली आणि ओनायडा खुर्च्या ओढतात. कोणी न सांगता चौघे माझ्याभोवती अर्धगोल करतात. व्हर्लीचे तोंड उघडते आणि डेन्व्हर अर्धे पाऊल मागे सरकतो.

तेव्हा मला कळते, तिची पाळी आली.