तिसरं गाणं ऐकलंस?

रुम्यानाला कुणापुढे हात पसरायला आवडत नसे, आणि ते आवडत नाही हे अख्ख्या प्लोवदिव शहराला ठाऊक असावं अशी तिची व्यवस्था होती. तिशीच्या आत तिची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने, सण संपल्यावर घरातले दिवे एकेक करून मालवावेत तशी. त्यानंतर तिने इस्पितळाच्या टेलिफोनवर आयुष्य काढलं, नवरा गेल्यावर एकटीने मुलगी वाढवली, आणि निवृत्त झाल्यावर अंधांच्या संघात दर मंगळवारी कॉम्प्युटर शिकवायला लागली. वर्गाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "डोळे गेले म्हणून बोटं झडली नाहीत. कुणाला काही विचारायचं नाही. विचारणं म्हणजे भीक."

तिच्या कॉम्प्युटरला बोलता येई. पडद्यावर जे असेल ते तो पुरुषी, नाकातल्या आवाजात वाचून दाखवायचा. लेक इस्क्रा लहान असताना तिने त्या आवाजाला मिंचोकाका असं नाव ठेवलं होतं. रुम्यानाने मिंचोकाकांचा वेग इतका वाढवला होता की डोळस माणसाला वाटावं, घेवड्याचं पोतं फाटून दाणे जिन्यावरून सांडताहेत. रुम्यानाला मात्र शब्द न् शब्द कळायचा. इस्क्रा त्या बडबडीवर झोपी जायची. बाकीच्या पोरी अंगाईवर झोपतात.

ती इस्क्रा आता राजधानीत, सोफियात होती. शाळेत संगीत शिकवून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात गायची. सप्टेंबरात तिची पाच गाणी निघाली. तबकडी वगैरे काही नाही, इंटरनेटवरच्या एका दुकानात पैसे भरायचे आणि गाणी उतरवून घ्यायची.

"आई, फाइल पाठवते तुला," इस्क्रा फोनवर म्हणाली.

"पाठवते म्हणजे? लेकीचं पहिलं गाणं फुकट ऐकू? गिऱ्हाईक म्हणून घेणार मी. रीतसर."

"जमेल?" इस्क्राने विचारलं. आवाज जरा वेगळा होता, पण रुम्यानाला त्यात फक्त अपमान ऐकू आला.

"मी लोकांना शिकवते, पोरी."

"बरं. तिसरं गाणं नीट ऐक. हेडफोन लावून, एकटी असताना. आणि मग मला फोन कर. नक्की कर."

रुम्याना त्याच दुपारी बसली. दुकान सापडलं, इस्क्राचं नाव सापडलं, कार्डाचा आकडा भरून झाला. मग मिंचोकाका म्हणाले, "आपण माणूस आहात याची खात्री करा. चित्रात दिसणारी अक्षरे लिहा. चित्र." आणि गप्प बसले.

चित्र तर चित्र. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शेजारी आवाजाची सोय होती. तिने ती दाबली, तर कुणीतरी पिंपात तोंड घालून इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होतं आणि मागे बाजार भरला होता. रुम्यानाला इंग्रजी येत नव्हतं. तिने अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं. चूक. पान पहिल्यापासून सुरू झालं, कार्डाचा आकडा पुसला गेला. एकदा नशिबाने ती पुढे सरकलीही, पण तिथे नुसतीच ओळीने बटणं होती. "बटण. बटण. बटण." कशाचं बटण, हे दुकानदाराने लिहायची तसदी घेतली नव्हती. एक दाबलं तर सगळं रद्द झालं. संध्याकाळपर्यंत तिला ना गाणं मिळालं, ना माणूस असल्याचा पुरावा देता आला.

भिंतीपलीकडे पेन्का राहायची. पेन्काला डोळे होते, चष्मा होता आणि वेळही होता. पण पेन्काला तोंडही होतं. तिला सांगितलेली गोष्ट लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचायची. आणि तिच्याचपुढे रुम्यानाने गेल्या महिन्यात जिन्यात उभं राहून सुनावलं होतं, "माझं सगळं मी करते. मला लागत नाही कुणी." आता कुठल्या तोंडाने जायचं? नाकाने कांदे सोलले की पुढे असं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्क्रानेच फोन केला.

"घेतलंस?"

"घेतलं की," रुम्याना म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की आपण खोटं बोललो. पण निघालेला शब्द परत गिळायचा तर गळा मोठा लागतो.

"एकटीने? सगळं?"

"मग काय, कुणाच्या बापाला विचारायचंय? दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटं?" इस्क्रा म्हणाली. "आणि... तिसरं गाणं ऐकलंस?"

"ऐकलं. फार गोड झालंय." एवढ्यावर थांबली असती तरी निभलं असतं. पण खोट्याला सजवायची खोड कुणाला चुकलीय? "बासरी काय सुरेख वाजलीय गं त्यात!"

"बासरी."

"हो. आणि तुझा आवाज."

मग इस्क्रा म्हणाली, "बरं आई. ठेवते."

त्यानंतर इस्क्राचे फोन आखडले. हवा कशी आहे, जेवलीस का, ठेवते. रुम्यानाला वाटलं, पोरीला बासरीबद्दल राग आला असेल, त्यात व्हायोलिन असेल बहुतेक. आपल्या खोट्यात एक वाद्य चुकलं, एवढ्याचीच तिला लाज वाटत होती. अजून पुष्कळ बाकी होती.

पितळ उघडं पडलं ते मंगळवारच्या वर्गात. म्हातारा स्पास, जो गेली दोन वर्षं कॉम्प्युटर चालू कसा करायचा हेच शिकत होता, अचानक म्हणाला, "बाई, तुमची शेजारीण सांगत होती, तुम्ही लेकीची गाणी एकटीने विकत घेतलीत. दाखवा ना कशी घेतात ती. मलाही नातीला चकित करायचंय."

"हो, हो, दाखवा!" सगळा वर्ग म्हणाला.

तिने दाखवायला घेतलं. मिंचोकाकांना सगळ्यांना कळेल इतकं हळू बोलायला लावलं. आणि मिंचोकाकांनी मग सावकाश, स्वच्छ, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, "आपण माणूस आहात याची खात्री करा."

"आता काय करायचं, बाई?" स्पासने विचारलं.

रुम्यानाचे कान तापले. "इंटरनेट गेलंय," ती म्हणाली.

"गेलंय? आत्ता तर बोलत होतं."

"गेलंय म्हणते ना!"

आंधळ्यांच्या वर्गात कुणी कुणाकडे बघत नाही, पण सगळे एकदम गप्प झाले की बघितल्यासारखंच होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्पासने फक्त खुर्ची मागे सरकवली आणि हळूच म्हणाला, "असू द्या बाई. मी सुनेला विचारेन." तो तिला वाचवत होता. पंचाहत्तर वर्षांचा ढ विद्यार्थी तिला वाचवत होता, आणि ते तिला थोबाडीत बसावी तसं लागलं.

घरी येताना जिनाभर भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. लाल मिरच्यांचे दिवस, प्रत्येक गच्चीत कुणीतरी हिवाळ्याची बेगमी करत बसलेलं. रुम्याना आपल्या दारापाशी किल्ली धरून उभी राहिली. मग तशीच मागे वळली, पेन्काच्या दारापर्यंत गेली, परत आली, परत गेली. शेवटी दार ठोठावलं.

"अगं बाई, तू?" पेन्का म्हणाली. "आज सूर्य कुठून उगवला?"

"पेन्का, मला जमत नाहीये," रुम्याना म्हणाली. "जरा येतेस?"

टोमणा येणार म्हणून तिने मान खाली घातली होती. पेन्का म्हणाली, "थांब, मिरच्यांखालची आच बंद करते."

येऊन तिने आधी ओरडा केला. "अगं, कॉम्प्युटरचा पडदा बंदच आहे हा! आणि धूळ केवढी! बटाटे पिकतील यावर." तिने एप्रनने काच पुसली, पडदा चालू केला, चष्मा चढवला. "हं. कुठे आहेत तुझी अक्षरं? ही? ही अक्षरं आहेत? हे तर कोंबडीने उकरलंय!"

पेन्काचीही अक्षरं चुकली. परत चुकली. "मला म्हणे डोळे आहेत," ती चिडून म्हणाली. तिसऱ्या खेपेला दुकानाने तिला माणूस मानलं. "आता शेवटचं. ही हिरवी चौकट. काही लिहिलेलंच नाही हिच्यावर, नुसता बाण काढलाय. दाबू?"

"दाब."

"एवढ्यासाठी बसली होतीस? पण कुणाची गं गाणी? इस्क्राची? तू तर केव्हाच घेतली होतीस ना? तूच सांगितलंस मला, कचरा टाकायला गेलो होतो तेव्हा..."

"खोटं सांगितलं होतं."

पेन्काने यावर काहीच म्हटलं नाही. तिच्या हयातीत असं फारदा घडलं नसावं. "लाव तिसरं," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."

हेडफोन लावून, एकटीने ऐक, असं इस्क्रा म्हणाली होती. पण ज्या बाईने आत्ता आच बंद केली तिला हाकलायचं कसं? रुम्यानाने तिसरं गाणं लावलं.

बासरी नव्हती. व्हायोलिनही नव्हतं. एक ढोल होता, लांबून वाजणारा, आणि त्यावर इस्क्राचा आवाज, शब्दांशिवाय. मग आवाज खाली गेला आणि त्याच्या खालून दाणे सांडल्यासारखं काहीतरी वर आलं. मिंचोकाका. रुम्यानाच्या वेगातले.

"हे काय बडबडतंय? बिघडलं का?" पेन्का म्हणाली. "का नवी फॅशन आहे ही?"

मिंचोकाका म्हणत होते, "आई, हे फक्त तुला कळेल. माझी नजर कडेने जायला लागलीय. डॉक्टर म्हणाले, तुझंच दुखणं आहे. अजून कुणाला सांगितलं नाही, आधी तुला. मला फार भीती वाटते. हे ऐकलंस की फोन कर आणि खरं सांग, जमतं ना गं?"

ढोल परत सुरू झाला.

"छान आहे," पेन्का म्हणाली. "पण मधली ती खरखर काढायला हवी होती." मग तिने रुम्यानाकडे बघितलं असावं, कारण ती एकदम उठली. तिने रुम्यानाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला मिरच्यांचा वास येत होता, आणि आपल्या घरी निघून गेली.

रुम्यानाला हंबरडा फोडावासा वाटला, पण आधी आली ती लाजच. पोरीने एवढं सांगितलं होतं आणि आपण म्हणालो, बासरी छान. पोरीने विचारलं, जमतं का, आणि आपण म्हणालो, दोन मिनिटांचं काम. लहानपणी इस्क्राला तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "सध्या काही नाही." तिने त्यातलं "काही नाही" तेवढं ठेवून घेतलं होतं. ती तशीच होती. सोयीचं तेवढं ऐकणारी.

तिने फोन लावला.

"इस्क्रा, मी खोटं बोलले. मी गाणं ऐकलंच नव्हतं. मला घेताच आलं नव्हतं. आत्ता ऐकलं."



"मला वाटलं, तुला त्याबद्दल बोलायचं नाहीये," इस्क्रा म्हणाली. "मला वाटलं, बासरीचं बोलून तू मला सांगतेयस की गप्प बस."

"नाही गं. नाही माझ्या बाळा. मी मूर्ख आहे, गर्विष्ठ आहे, पण तसं नाही."

"आई, पण मग ती दोन मिनिटं?"

"तेही खोटं."

इस्क्रा हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "मी पडदा बंद करून बसत होते. मिंचोकाकांना हळू बोलायला लावून. पुढे लागेल म्हणून सवय करत होते. म्हटलं, आईने केलं तेच करू, माझंच गाणं विकत घेऊ. ते चित्र काही सुटेना. रोज बसायचे. वाटायचं, आईला दोन मिनिटं लागली आणि मला हे येत नाही, म्हणजे मीच ढ. लाज वाटायची तुला सांगायची. वाटायचं, मला नाही जमणार हे आंधळं होणं."

आपली लाज आपल्यापुरती असते असं रुम्याना समजत होती. ती लाज सोफियापर्यंत गेली होती आणि लेकीच्या गळ्यात पडली होती.

"कुणालाच नाही सुटत ते," ती म्हणाली. "पेन्काला चष्मा लावून सुटेना. आणि त्या बटणावर काही लिहिलेलंच नाहीये. तू ढ नाहीस. दुकान ढ आहे."

"पेन्का? पेन्काला बोलावलंस तू?" इस्क्राचं रडणं थांबलं. "तू विचारलंस कुणाला तरी?"

"विचारलं."

"तू?"

"मीच."

लहानपणी अंधारातून यायचा तसल्या आवाजात इस्क्राने विचारलं, "कसं विचारलंस गं? काय म्हणालीस?"

आयुष्यभर इतकं शिकवलं होतं पोरीला. हेच नव्हतं शिकवलं.

"दार ठोठावलं," रुम्याना म्हणाली. "आणि म्हणाले, पेन्का, मला जमत नाहीये. जरा येतेस?"

"मला जमत नाहीये," इस्क्रा हळूच म्हणाली. "जरा येतेस?"

"हं. आणखी एकदा म्हण."