सात किलो दोनशे

...काटा सातच्या पुढच्या दोन बारीक रेघा ओलांडून थांबला, जरा थरथरला आणि परत तिथेच येऊन बसला. सात किलो दोनशे. त्याने बॅग आकड्यावरून काढली, पुन्हा अडकवली, दाराच्या कडीला टांगलेला ताणकाटा सरळ लोंबतोय ना तेही पाहिलं — उगाचच. हा काटा त्याने स्वतः जुळवलेला होता. चाळीस वर्षं दुकानात बसून त्याने लोकांचे काटे दुरुस्त केले होते, वाण्यांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे. आणि आपण जुळवलेला काटा खोटं बोलत नाही, एवढा एकच तोरा त्याने जन्मभर मिरवला होता.

तिकीट स्वस्तातलं. हातातली एकच बॅग, सात किलो, त्यापुढे बात नाही. दोनदा विमान बदलायचं आणि मधले नऊ तास बाकावर बसून काढायचे. उद्या सकाळी निघायचं होतं. दोन शर्ट, एक पँट, आतले कपडे, गोळ्यांची डबी, कानटोपी... यातलं काय काढणार? शेजारचे मास्तर सकाळीच येऊन सल्ला देऊन गेले होते. मास्तर एकदाच परदेशात गेले होते, बारा दिवस, आणि त्या बारा दिवसांवर आज बारा वर्षं बोलत होते.

"कपडे घडी करायचे नाहीत, गुंडाळायचे," मास्तर म्हणाले. "आणि जड ते सगळं अंगावर घालायचं. मी दोन पँटी घालून गेलो होतो."

"चालता आलं?"

"चालता आलं. बसता नाही आलं."

तो हसला होता. हसून झाल्यावर लक्षात आलं, की वर्षभरात घरात हसण्याचा आवाज झाला तो हा पहिलाच.

जास्तीचे दोनशे कसले, हे त्याला बॅग न उघडता ठाऊक होतं. खालच्या कप्प्यात, मोज्यात गुंडाळलेला तिचा फोन. बायकोचा. चार्जरसकट बरोबर दोनशे. दुकानात छोट्या काट्यावर ठेवून पाहिला होता, त्याच दुकानात, ज्याच्या खणात तो गेल्या वर्षी, तिच्या शेवटच्या आजारपणात, अकरा दिवस पडून होता. बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय, असं त्याने तिला सांगितलं होतं आणि मुलीलाही तेच सांगितलं होतं. अख्ख्या जगाच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरातला एक फोन अकरा दिवस दुरुस्त करून आणता येत नाही, हे कुणाला खटकलं नाही.

निदान त्याला तसं वाटलं होतं.

मुलगी तिकडे परदेशात, नोकरी नवी, कागदपत्रं अडकलेली. आता निघाली तर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती. बायकोकडे अजून दोनेक महिने आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. मग त्याने मनातल्या मनात दोन पारड्यांत दोघींना घातलं आणि ठरवलं, पोरीला आत्ताच कळवायचं नाही, मायलेकींचं फोनवर बोलणंही होऊ द्यायचं नाही. नातेवाइकांना तो हेच सांगत आला, आणि ऐकणारे मान डोलवत, पोरीचा विचार केलात म्हणत. पण खरं ते नव्हतं. खरं हे होतं — सांगून टाक ना एकदाचं, इथे कोण ऐकतंय — खरं हे, की बायको रोज सकाळी डोळे उघडून विचारायची, "निघाली का हो ती?" आणि त्या विचारण्यात तिचा जीव अडकलेला त्याला दिसायचा. मुलगी आली, दिसली, की ही सुटेल, जाईल. येत नाही तोवर थांबेल. मी तिला थांबवून धरलं. वाट बघायला लावून धरलं.

"बॅग भरतेय," तो म्हणायचा.

"बरं," ती म्हणायची, आणि डोळे मिटायची.

अकरा दिवस बॅग भरतेय. अकरा दिवस बरं. दहाव्या दिवशी मात्र ती थोडं जास्त बोलली. "तिला म्हणावं, फार सामान नको. हलकी ये." कुणीही कुठूनही यायला निघालं की ती हेच म्हणायची, पाहुण्यांना, बहिणीला, स्टेशनवरून येणाऱ्या त्यालासुद्धा. तो म्हणाला, सांगतो. बाराव्या दिवशी तिने काही विचारलं नाही. मुलगी आली ती सगळं उरकल्यावर. अचानक झालं, त्याने सांगितलं. आई माझी आठवण काढत होती का, तिने विचारलं. शुद्धीवर नव्हती, तो म्हणाला. आयुष्यात कधी कुणाच्या मालाला काटा मारला नाही, आणि मारला तो इथे.

आणि गेल्या महिन्यात मुलीचा निरोप आला. एकटे काय बसताय, महिनाभर या. काही आणू नका. हलके या. तो फोन हातात धरून खाली बसला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते आईकडून लहानपणीच उचललेलं होतं, बस्स. तेव्हाच त्याने ठरवलं, की जायचं, बायकोचा फोन पोरीच्या हातात ठेवायचा आणि सगळं बोलून टाकायचं. त्यानंतर ती तोंड बघणार नाही, तर नाही.

पण मग बॅग भरेना. आठवडा झाला, भरतोय आणि उपसतोय. फोन काढला की काटा बरोबर सातवर येतो, अगदी शहाण्यासारखा. नियमच तसा आहे हो, न्यायचा होता, पण वजन बसेना... कुणाला पटणार नाही? मलासुद्धा पटेल. असला हलकट विचार स्वतःच्या डोक्यातून निघालेला पाहून त्याला स्वतःची शिसारी आली.

दुपारी त्याचा फोन वाजला. मुलगी.

"बाबा, भरली का बॅग?"

"भरतोय."

"अहो, एवढीशी बॅग! कधीपासून भरताय?"

"होईल. भरतोय गं."

त्या 'भरतोय'वरूनच बाबा येणार नाहीत, हे तिला कळलंय, हे त्याला कळलं. आणि तिने विचारलं नाही, रागावली नाही, त्याला खोटं पाडलं नाही. फक्त म्हणाली, "बरं."

तोच आवाज, तिच्या आईचा. तसाच खाली उतरत गेलेला, तसाच मऊ, समोरच्या माणसाला सांभाळून घेणारा... फोन बंद झाला तरी त्याने तो कानापासून काढला नाही. वर्षभर त्याला वाटत होतं, की बायकोने बिचारीने विश्वास ठेवला. पण विश्वास ठेवणारा माणूस असं बरं म्हणत नाही. विश्वास ठेवणारा विचारतो, कधीचं विमान, कोण आणायला जाणार, कुठल्या खोलीत झोपवायचं. तिने यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघून तिने विचारलं होतं, की आज तरी खरं सांगताय का. आणि रोज त्याला माफ करून डोळे मिटले होते. आणि हलकी ये — ते तरी पोरीला होतं का, की मलाच?

त्याने फोन आतच राहू देऊन बॅग पुन्हा आकड्याला अडकवली. काटा थरथरून जागेवर आला, सात किलो दोनशे. यातून काय काढायचं होतं, ते आता त्याला आठवेना.