दोन महिन्यांचा पाहुणा

रफूवाल्या बाईंनी कोटाची बाही उलटी केली, आतली शिवण दोन बोटं उसवली आणि तिथला एक धागा सुईच्या टोकाने हळूच वर उचलला. कोट कुणा मोठ्या माणसाचा होता. खांद्याजवळ सिगारेटने जळून वाटाण्याएवढं भोक पडलेलं. रफूला बाहेरचा दोरा चालत नाही. कितीही रंग जुळवा, उन्हात उघडा पडतो. दोरा त्याच कपड्याच्या पोटातून काढायचा, जिथे कुणी बघत नाही तिथून, आणि जिथे सगळे बघतात तिथे भरायचा. खिडकीतला उजेड उतरत चालला होता. घरातला दिवा इतक्यात लागणार नव्हता. आधी रस्त्यावरचा दिवा लागायचा, त्याच्या उजेडात जेवढं उरकेल तेवढं उरकायचं आणि मगच आपल्या बटणाला हात लावायचा, अशी तिथली रीत.

सून छापखान्यातून आली. छापलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून त्यांची पानं लावायचं तिचं काम. बोटांना शाईचा वास लागून राहिलेला. चप्पल काढून ती रोजच्यासारखी स्वयंपाकघरात गेली नाही. दाराशीच उभी राहिली, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

"आई, घरात पाहुणा येणार आहे."

बाईंच्या ओठांत एक सुई होती, हातात दुसरी, आणि डोळे कोटाच्या उभ्या धाग्यांवर. एक खालून, एक वरून, एक खालून. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मान वर न करताच त्यांनी ओठांतली सुई काढून उशीला टोचली.

"आत्ता कुठून आला गं हा? केवढा आहे?"

सून थोडी गोंधळली. मग लाजून म्हणाली, "दोन महिन्यांचा."

"दोन महिन्यांचा? मग नाहीच झेपायचा. या वर्षी तर नाहीच नाही."

सुनेच्या बोटाला गुंडाळलेला बंद तसाच राहिला.

"थोपवता येतो का बघ," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू काय ते. आधी बोलली असतीस तर बेतात धरला असता."

"थोपवता…" सुनेने शब्द अर्धाच उच्चारला.

"वेळेवर हालचाल केली तर थोपतात गं. उशीर झाला की गळ्यात पडतात." बाईंच्या आवाजात राग नव्हता. दुकानातून साबण आणू नकोस, अजून तुकडा शिल्लक आहे, हे त्या ज्या सुरात सांगत, त्याच सुरात त्या बोलल्या होत्या. सून आत गेली. भांड्यांचा आवाज यायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला, एवढंच.

त्या घरात कपाटाच्या दाराला आतून एक जाडं कापड टांगलेलं होतं. बाईंनी स्वतः शिवलेलं, बारा खिशांचं. मुलगा लिफ्ट बसवायच्या कामावर होता. त्याचे पैसे ठेक्याचे. मोठी रक्कम वर्षातून एकदाच हाती यायची. ती आली की मायलेक जमिनीवर बसत आणि वर्ष बेतत. हा बाईंचाच शब्द. कापड बेतावं तसं वर्ष बेतायचं. भाडं इतकं, धान्य इतकं, वीज इतकी, अंगाला येईल असं पण वाया जाणार नाही असं. मग एकेक महिना एकेका खिशात जायचा. महिना संपला की त्याचा रिकामा खिसा आत दुमडून टाचणी लावायची. पुढच्या महिन्याच्या खिशात हात घालायचा नाही, हा त्या घरातला सगळ्यात मोठा नियम. नवरा आजारी होता त्या वर्षी बाईंनी तो मोडला होता. एप्रिलमध्ये त्यांनी ऑक्टोबर खाल्ला, मेमध्ये नोव्हेंबर. नवरा राहिला नाही, आणि ऑक्टोबर मात्र ठरल्या वेळी दारात येऊन उभा राहिला.

मुलगा तेव्हा लहान होता. भूक लागली की तो कपाटाकडे बघायचा. त्याच्या देखत पैसे नाहीत हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असं बाईंनी ठरवलं. त्या म्हणायच्या, आपल्याकडे पाहुणा येऊन गेला ना, म्हणून आज कमी. मुलगा विचारायचा, कुठे बसला होता, दिसला नाही. तेव्हा बाईंनी सुईच्या तालावर त्याला चार ओळी जुळवून दिल्या होत्या:

पाहुणा आला, कुठून आला?
बंद दारातून आत आला.
काय खाल्लं, काय प्याला?
उरलंसुरलं घेऊन गेला.

पोर हसायचं आणि झोपी जायचं. पुढे तो मोठा झाला, त्याला सगळं कळलं, पण अवचित आलेल्या खर्चाला शब्द तोच राहिला. छप्पर गळलं, पाहुणा आला. दाढ दुखली, पाहुणा आला. एका महिन्याचा पाहुणा म्हणजे एक आख्खा खिसा खाणारा. बाराच्या खाली कोपऱ्यात एक छोटा खिसा त्याच्यासाठीच असायचा. गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं आणि तो खिसा झटकून रिकामा झाला. तेव्हापासून पाहुण्याचं नाव निघालं नव्हतं. सुनेला तो शब्द सांगायचा असतो, हे मायलेकांच्या ध्यानातच आलं नाही. घरात पाणी कुठे आहे हे तरी नव्या माणसाला दाखवतात. शब्द कोण दाखवतं?

त्या संध्याकाळी बाईंच्या मनात आलं ते सुनेच्या मावशीचं घर. सुनेला आई नव्हती, मावशीने वाढवलं होतं, आणि मावशीच्या छपराचे पत्रे गंजलेत असं एकदा बोलण्यात आलं होतं. त्याचंच काहीतरी असणार. पोरीने हट्ट धरला नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही, याचं बाईंना कौतुक वाटलं. शहाणी आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. आणि तरी रात्री कूस बदलताना काहीतरी टोचत राहिलं, अंथरुणात सुई हरवल्यासारखं.

मुलगा परगावी कामावर होता, शनिवारी यायचा होता. मधले दिवस दोघी एकमेकींच्या आजूबाजूने वावरल्या. सून वेळेवर जायची, वेळेवर यायची. चहात तिने साखर घालणं सोडलं. जेवताना आपल्या ताटात कमी वाढून घ्यायला लागली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, भूक नसते. कपाट उघडायची वेळ आली की ती दुसऱ्या खोलीत जायची.

बुधवारी भांडी विसळता विसळता तिने विचारलं, "आई, थोपवलेला पाहुणा पुन्हा येतो का हो?"

"येतो की," बाई म्हणाल्या. "जाणार कुठे? घर माहीत झालेलं असतं त्याला."

सुनेने मान हलवली. एकच वाटी तिने बराच वेळ विसळली. नळ वाहत होता, आणि तो बंद कर असं बाईंना का कोण जाणे म्हणवलं नाही.

शुक्रवारी ती दुपारीच घरी आली. बाई खिडकीशी तोच कोट घेऊन बसल्या होत्या. भोक जवळजवळ भरत आलं होतं. सून सरळ कपाटापाशी गेली. दार उघडलं, पर्समधून पाकीट काढलं आणि त्या कोपऱ्यातल्या खिशात ठेवलं. खिसा इतके दिवस चपटा होता. तो जरासा फुगला.

"छापखान्यातून उचल घेतली," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या सकाळी दवाखान्यात बोलावलंय. मी येते म्हणून सांगून आलेय."

"दवाखान्यात? तुला काय झालंय?"

सून वळली. तिने सासूकडे असं पाहिलं की बाईंचा हात आपोआप थांबला.

"तुम्हीच म्हणालात ना, थोपव." तिचा आवाज सपाट होता, घडी घातल्यासारखा. "थोपवते. पण त्याआधी एकदाच विचारते. एवढ्या पैशांत नाही का भागायचं त्याचं? सुरुवातीला त्याला वेगळं काही लागत नाही, आई. माझ्याच ताटातलं त्याला पुरतं. मी कमी जेवून पाहिलं, जमतंय मला. कपडे तुमच्या उरलेल्या तुकड्यांचे होतील. छापखान्यात मी जादा पाळी करेन, शेवटपर्यंत करेन. हट्ट नाही धरत मी. नुसतं विचारतेय."

"कुणाला?" बाई म्हणाल्या. "कुणाला लागत नाही?"

सुनेचा हात पोटावर होता. तो तिथे केव्हा गेला, तिलाही कळलं नसावं.

सुई कोटात अर्धी शिरली होती; ती तिथेच राहिली. बाईंनी तोंड उघडलं, पण आधी आलं ते भलतंच.

"मला वाटलं मावशीचं छप्पर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"छप्पर. पत्रे गंजलेत म्हणालीस ना. मला वाटलं… अगं, पाहुणा म्हणजे…" पुढचं सांगता येईना. इतकी वर्षं वापरलेला शब्द, त्याचा अर्थ सांगायला दुसरा शब्द सापडेना. शेवटी त्यांनी त्या चार ओळीच म्हटल्या. चालीवर नाही, नुसत्या, मुलाखतीत नाव-गाव सांगावं तशा.  शेवटची ओळ त्या पुटपुटल्याच. मग छोटा खिसा कशाचा ते सांगितलं, दोन महिन्यांचा म्हणजे दोन खिशांचा ते सांगितलं.

सून भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "म्हणजे तुम्ही केवढा आहे म्हणालात, ते…"

"पैसे."

ती हसली. हसू मध्यावर येऊन फुटलं आणि ती रडायला लागली, आवाज न करता, सासू शेजारच्या खोलीत झोपली असताना रडावं तशी. त्या चार दिवसांत ती तशीच रडली असावी. बाई कोटासकट उठल्या, तिच्याजवळ बसल्या. हात तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि थांबल्या. सुई टोचू नये म्हणून घातलेलं लोखंडी अंगुस्तान बोटात होतं. ते त्यांनी काढून जमिनीवर ठेवलं, आणि मग हात ठेवला.

"चार दिवस मी त्याची माफी मागतेय," सून म्हणाली.

  मांडीवरचा कोट घसरून जमिनीवर गेला, उलटा पडला. सुनेने डोळे पुसले, सवयीने तो उचलला, झटकला, आणि रफूच्या जागी बोट फिरवलं. वरून काही लागत नव्हतं. तिने कोट उलटा केला.

"आतून दिसतं हो, आई."

"आतून दिसतंच गं," बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दवाखान्याची वेळ आली आणि गेली. दोघींपैकी कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. सून छापखान्यात गेली नव्हती. बाईंनी तिच्या चहात साखर घातली, ढवळली, आणि तिच्या समोर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या, ती पिऊन संपवेपर्यंत.

मग त्यांनी कपाटाच्या दारावरचं कापड काढलं आणि खिडकीशी पसरलं. सुनेचं पाकीट आधी तिच्या हातात परत दिलं. तिने नको म्हटलं तरी दिलं. कापडाची खालची दुमड उसवली आणि आतला दोरा काढला. एका जुन्या मऊ चादरीचा तुकडा निवडला, धुऊन धुऊन दुधासारखा झालेला, आणि कोपऱ्यातल्या खिशाशेजारी आणखी एक खिसा शिवला. बाजूच्या बाराहून तो थोडा खोल होता. शिवून झाल्यावर त्यांनी वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत एकेक करून हात घातला. प्रत्येकाच्या पोटातून थोडंसंच, कुठल्याच महिन्याला भोक पडणार नाही इतकं.  

सून बघत होती. "नियम मोडला तुम्ही," ती म्हणाली.

"बेत बदलला," बाई म्हणाल्या. "कापणाऱ्याला तेवढा हक्क असतो."

मुलगा दुपारी आला. खांद्यावरची हत्यारांची पिशवी उतरवली, पाणी प्यायला, आणि भाड्याचे राहिलेले पैसे घ्यायला कपाट उघडलं. दार उघडं धरून तो तसाच उभा राहिला. कोपऱ्यात दोन खिसे होते. नव्या खिशावर त्याने बोट ठेवलं, दाबून पाहिलं.

"हे काय आई, पाहुणा आला वाटतं. केवढा?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने नजर उचलली. डोळे अजून थोडे सुजलेले होते.

"दोन महिन्यांचा," सून म्हणाली.

"दोन? या वर्षी?" त्याने कपाळाला आठी घातली, उरलेले खिसे नजरेने चाचपले. मग आईचा चेहरा उतरू नये म्हणून त्याने लहानपणी करायचा तसा आवाज काढला. "पाहुणा आला, कुठून आला?"

"बंद दारातून आत आला," सून म्हणाली.

तो चकित होऊन तिच्याकडे वळला. या ओळी तिला येतात हे त्याला माहीत नव्हतं. पुढची ओळ ती म्हणेल म्हणून तो थांबला. ती म्हणाली नाही. तिने त्याचा हात धरला. त्यावर अजून लिफ्टच्या तारांचं काळं वंगण होतं.

बाईंनी कोट उचलला आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसल्या. सुईत दोरा ओवायचा राहिला. आतून सुनेचा हळू आवाज येत राहिला. मग कपाटाचं दार कुणीतरी लावलं, अगदी हळू, आत कुणी झोपलेलं असावं तसं.