अंगानं थोराड

मी पूर्णा जंक्शनवर टी.सी. होतो. रेल्वेवाल्याच्या घरची माणसं सगळीकडं पासावर फिरतात, म्हणजे फुकट. आमची कुसुम म्हणायची, "सगळी दुनिया म्या फुकट पाह्यली. एकदा तरी आपल्या पैशाचं तिकीट काढून कुठं न्या की. कसं वाटतंय ते कळू द्या."

मी म्हणायचो, "एस.टी.त बसतीस तवा काढतीस की तिकीट."

यावर ती हसायची. कारण एस.टी.चं तिकीट तिनं कधी सरळ काढलंच नाही.

तिचं माहेर येलदरीच्या अंगाला. तिकडं रेल्वे नाही. तीन पोरं घेऊन ती एस.टी.त चढली की आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि मग पोरांची वयं कमी करायची. आठाचा पाचाचा व्हायचा, तिनाची मांडीवरची व्हायची. थोरली सत्यशीला बारा ओलांडून गेली तरी हाफच.

"बाई, ही पोरगी बाराच्या वर दिसतीय," कंडक्टर म्हणायचा.

"न्हाई हो मास्तर, अकराची हाय. अंगानं थोराड हाय. मामाच्या वळणावर गेली."

तेवढ्यात सत्या उभी राहायची. "न्हाई काका, मला बारा पुरी झाली. तेरावं लागलंय."

सगळी गाडी हसायची. कुसुम पोरीला चिमटा काढायची आणि घरी आल्यावर राग माझ्यावर. "पोरगी तुमच्यावर गेली. टी.सी.ची अवलाद!"

एकदा जेवताना मी तिला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. पोराला वय विचारायचंच नाही, वय घरून शिकवून आणलेलं असतं. विचारायचं, 'कितवीत हायस बाळा?' तिथं पोरगं सापडतं. दुसऱ्या दिवशी कुसुम पोरांना ओळीनं बसवून शिकवायला लागली होती, "अकरा म्हणायचं, अन् कितवीत म्हणलं की पाचवी म्हणायचं." सत्या दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती.

ही कुसुम पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात गेली. चार दिवसांचा ताप आला आणि गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

ती गेल्यापासून सत्या बदलली. वय तेरा. सागरगोटे तिनं धाकट्या गौतमीला देऊन टाकले. सकाळी चूल, मग शाळा, मग पुन्हा चूल. मधल्या मिलिंदाला रागवायची तर कुसुमच्या शब्दांत रागवायची. मलाही रागवायची. "दादा, जेवून घ्या, मला भांडी घासायचीत." शेजारच्या बाया म्हणायच्या, किती गुणाची पोर! मला ते ऐकवत नव्हतं. घरात आई नव्हती ते एक, पण आता थोरली पोरही राहिली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुमच्या बहिणीकडं, गीताबाईकडं, मुंबईला लग्न निघालं. मी ठरवलं, औरंगाबादहून विमानानं जायचं. तिकीट काढून. कुसुमचं म्हणणं राहिलं होतं म्हणून, आणि सत्याला एक तास तरी काही काम नसावं म्हणून. विमानात चूल नसते.

स्टेशनवर बातमी फुटली. रुळांचे सांधे बदलणारा आमचा आश्रुबा घरी आला.

"साहेब, तुमाला डोकं हाय का न्हाई? मुंबईपतूर फुकट पास, अन् तुमी इमानाला पैसे घालायलात?"

"घालायलोय."

"मंग मला नेता का? मी बी हाफमंदी बसतो."

किती पैसे लागले ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यालाच ताप आला असता.

निघायच्या दिवशी सत्या आईची हिरवी वायलची साडी नेसून उभी राहिली. निऱ्या पोटाजवळ गोळा झाल्या होत्या आणि खाली दोन्ही पायांत वेगवेगळ्या उंचीवर काठ.

"हे काय गं?"

"सोबत बाईमाणूस नको का?" ती म्हणाली. "मिलिंद, लघवीला जाऊन ये."

औरंगाबादपर्यंत रेल्वेनं, पासावर. विमानतळावरच्या बाबूनं तिकिटं पाहिली आणि सहज मिलिंदाला विचारलं, "किती वर्षांचा रे?"

"पाच," मिलिंद म्हणाला. तिकिटावर नऊ होतं.

"आणि ही छोटी?"

गौतमी चार वर्षांची. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी मांडीवरची हाय. मला अजून बोलता येत न्हाई."

बाबूला हसू आवरेना. मी तोंड उघडायच्या आत सत्या पुढं झाली. "खोटं हाय साहेब. त्याला नऊ, हिला चार, मला चौदा. माझं फुल हाय." मग दोघांच्या डोक्यावर एकेक टपली. "आईनं शिकवलेलं एस.टी.त बोलायचं. इथं न्हाई."

विमान लहानसंच होतं, पंख्यांचं. इकडं दोन जागा, तिकडं दोन. सत्यानं मिलिंदाला खिडकी दिली आणि स्वतः त्याच्या शेजारी, वाटेच्या बाजूला बसली. पलीकडं मी आणि गौतमी. सत्यानं सगळ्यांच्या कानांत कापूस घातला, माझ्यासुद्धा. उलटीसाठी लिंबू काढलं. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा मिलिंद ओरडला, "अक्का, बघ, बैल मुंगीएवढे!" तिनं पाहिलं नाही. ती वाटेपलीकडं वाकून गौतमीचा पट्टा तपासत होती.

विमानातली बाई गोळ्यांचं ताट घेऊन आली. मुंबईकडची मराठी बोलत होती. मी एक गोळी उचलून खिशात टाकली. सत्यानं दोन उचलल्या आणि दोघांना वाटल्या.

"तू पण घे ना," बाई म्हणाली.

"मला नको. लेकरांना द्या."

मी खिडकीकडं तोंड केलं. एवढं करून पोरगी चुलीपाशीच होती. उगाच आलो असं वाटलं.

थोड्या वेळानं ती बाई परत आली. "कॅप्टनसाहेबांनी बारा वर्षांच्या आतल्या मुलांना पुढे बोलावलंय. विमान कसं चालवतात ते दाखवणार आहेत."

"मी पाच वर्षांचा!" मिलिंद उभाच राहिला. गौतमीही पट्ट्यातून सुटायला लागली. सत्यानं दोघांना सोडवलं, मिलिंदाचं नाक पुसलं. "दंगा करू नको. कशाला हात लावू नको." दोघं त्या बाईच्या मागं निघाली. पुढचं दार उघडलं. आत नुसती घड्याळंच घड्याळं आणि त्यांच्या पलीकडं उघडं आभाळ.

सत्या त्या दाराकडं बघत राहिली. मग एकदम उठली.

"बाई, मी पण येऊ का?"

"तुला अजून बारा झाली नाहीत?"

"अकरा हायत."

त्या बाईनं तिला डोक्यापासून काठापर्यंत पाहिलं. चौदा वर्षांची पोर, आईची साडी, खांद्याला पिन. बाईनं भुवई उचलली. "कितवीत आहेस?"

हा तर माझाच प्रश्न.

सत्यानं पापणी हलवली नाही. "पाचवी. ब तुकडी."

म्हणजे कानांत बोटं घालून तिनं सगळं ऐकलं होतं.

बाईनं माझ्याकडं पाहिलं. सत्यानंही पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाचं खोटं हाफ फुल केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"अकराचीच हाय बाई," मी म्हणालो. "अंगानं थोराड हाय. मामाच्या वळणावर गेली."

बाईनं ओठ दाबून धरले. "चला मग, पाचवी ब."

सत्यानं साडी दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलली आणि पळाली. चालली नाही, पळाली. आतून मिलिंदाचा आवाज आला, "अक्का, ढकलू नको ना!"

चारही जागांवर मी एकटाच उरलो. कुसुम असती तर म्हणाली असती, एवढं पुरं तिकीट काढलं अन् शेवटी पोरीला हाफच केलं की तुमी. मी कानातला कापूस काढून डोळ्यांवरून फिरवला. मग उठलो, खिशातला रुमाल काढला आणि पलीकडं खिडकीच्या जागेवर टाकला.

मिलिंद आधी धावत आला. "दादा, ही माझी जागा हाय!"

"रुमाल दिसत न्हाई का?"

"विमानात कुठं रुमाल चालतो?"

"टी.सी. मी हाय का तू?"

सत्या आली, रुमालावर बसली आणि काचेला कपाळ टेकवलं. निऱ्या सगळ्या सुटल्या होत्या. बराच वेळ ती खाली बघत होती. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "दादा, गोळ्या संपल्या का हो?"

मी खिशातली काढून दिली.